डावीकडची दांडी

बहारीनमधल्या मआमीर गावातल्या आमच्या शेडचं कुलूप उघडेना. आमचे हे किल्ली घालत, हलवत, बाहेर काढून तिच्यावर फुंकर मारत आणि पुन्हा घालत. मी डोक्यावर ओढणी घेऊन उन्हात उभी. "तेल आणायला हवं होतं," मी म्हटलं. "बघू की," हे म्हणाले. गेल्या दोन महिन्यांत "बघू की" याखेरीज तिसरा शब्द या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. सामान कधी पाठवायचं? बघू की. पडदे काढायचे की ठेवायचे? बघू की. एकोणतीस वर्षांचा संसार आवरून कायमचं कोल्हापूरला परत जायचंय, महिनाअखेर व्हिसा संपतोय, हूरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खोक्यांतून वाट काढत चहा करावा लागतोय. आणि शेडमधल्या त्या तीनचाकी धुडाचं काय करायचं हे विचारलं, की हा माणूस खिडकीतून समुद्राकडे बघत बसतो. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. समोरच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसते.

शेवटी गिऱ्हाईक मीच शोधलं. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचा भाचा, यूसुफ. बुदैयाला त्याच्या वडिलांची खजुराची शेती आहे आणि तिथे तो जुन्या गाड्या आणून हौसेने मांडून ठेवतो. तो दहाला येणार होता. मुलीला टोरांटोला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, जस्ट गेट रिड ऑफ इट, प्लीज." तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र कधीच मराठीत येत नाही, आणि याचाही दोष आमच्या घरात माझ्याकडेच आहे.

कुलूप एकदाचं उघडलं. पत्र्याचं दार करकरत सरकलं आणि आधी वास आला. मआमीरला स्वतःचा एक वास आहेच, शेजारच्या सित्राच्या कारखान्यांकडून वारा आला की सडक्या अंड्यांसारखा. पण त्याच्याखाली दुसरा होता, एरंडेलाचा. शर्यतीच्या इंजिनात तेव्हा आमचे हे एरंडेल घालत. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं ते एरंडेल, पुढे आयुष्यात पुन्हा वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. इथे ते माझ्या केसांना यायचं, उशीच्या अभ्र्याला यायचं, एकदा तर दिवाळीच्या करंज्यांना आलं होतं. आज तोच वास आला आणि माझे पाय उंबऱ्यातच थबकले. चौदा वर्षं मी या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

खरं सांगायचं तर गाडी विकायला मी आलेच नव्हते. ते निमित्त होतं. चौदा वर्षं मला या माणसाकडून एकच गोष्ट ऐकायची होती. यांची शर्यत माझ्या एका हातामुळे संपली, हे यांनी मनात धरून ठेवलंय की नाही? धरलं असेल तर तसं सांगा. नसेल तर तसं सांगा. पण नाही. आमच्याकडे मौनव्रत. आता बहारीन सुटणार, गाडीही जाणार, म्हणजे विचारायला जागाच उरणार नाही.

लग्नानंतर यांच्यासोबत मी पहिल्यांदा बसले ती स्कूटरच्या साइडकारमध्ये. सासऱ्यांचा कोल्हापुरात ओतकामाचे साचे करण्याचा कारखाना होता. सकाळी त्या साइडकारमधून साचे जायचे आणि संध्याकाळी नवी सून. आपल्याकडे साइडकार स्कूटरच्या डाव्या बाजूला असते. तिच्या डाव्या कडेला धरायला एक लोखंडी दांडी होती. ती उन्हात अशी तापायची की हाताला चटका बसे. म्हणून यांनी तिच्यावर निळी नायलॉनची दोरी गुंडाळून दिली होती, शेजारी शेजारी, एकही फट न ठेवता. लग्नाच्या पहिल्या वर्षात यांनी मला दिलेली ती एकमेव भेटवस्तू. आम्ही पन्हाळ्याला जायचो. खाली गुऱ्हाळं लागलेली, उसाच्या रसाचा तो जड, गोड वास चढणीवरही बराच वेळ सोबत यायचा. डावं वळण आलं की साइडकारचं चाक जमीन सोडायचं आणि हे ओरडायचे, "झुक!" मी ती निळी दांडी घट्ट धरून बाहेर झुकायची. केस सुटायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मग चाक टेकायचं. इतर बायका लग्नानंतर सासूची आमटी करायला शिकल्या. माझं अंग डावं वळण आलं की डावीकडची दांडी धरायला शिकलं.

बहारीनला येऊन दहा वर्षं झाली आणि हे खूळ पुन्हा डोक्यात शिरलं. यांच्या वर्कशॉपमधला एक म्हातारा युरोपियन इंजिनिअर कायमचा घरी निघाला होता. जाताना त्याने आपली शर्यतीची साइडकार यांच्या गळ्यात घातली. ती बसायची गाडी नव्हती. पुढे हे जवळजवळ पालथे झोपून चालवणार आणि बाजूला एक सपाट फळी, तिच्यावर दुसरा माणूस. त्याने बसायचं नाही. वळणावळणाला आपलं वजन इकडून तिकडे न्यायचं, नाहीतर गाडी उलटते. या दुसऱ्या माणसाला त्या खेळात माकड म्हणतात. आधी एक मल्याळी वेल्डर माकड होता, त्याचा व्हिसा संपला. मग एक मंगळुरी अकाउंटंट आला, त्याचा धीर संपला. मग एका संध्याकाळी यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच माझ्या बांध्याबद्दल काहीतरी बोलले.

"तुझं वजन बरोब्बर हाय."

मी हो का म्हटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. आईने फोनवर विचारलं, "तिकडं नेमकं काय करतीस गं?" काय सांगणार होते?

पाच हिवाळे आम्ही शर्यती केल्या. उन्हाळ्यात इथे माणूस रस्ता ओलांडू शकत नाही, शर्यत कसली करतो. थंडी पडली की शुक्रवारी सखीरच्या ट्रॅकवर क्लबचा दिवस असायचा. तीनचाकी गाड्या चार, फार तर पाच. बघायला त्यांच्याच घरची माणसं. पहाटे उठून मी थालीपीठं थापायची, लसणाची चटणी घ्यायची, आणि शर्यतीनंतर ती गोऱ्या माकडांनीच संपवलेली असायची. वाळवंटातली ती सकाळ थंड असायची, स्वच्छ, आणि लांबवर जमिनीला टेकलेली धुळीची फिकट रेघ. मी हिरव्या बांगड्या काढून डब्यात ठेवायची. मंगळसूत्र काढत नसे. ते चिकटपट्टीने छातीशी चिकटवून वर चामड्याचा सूट चढवायची. तो सूट अकाउंटंटच्या मापाचा, खांद्यात ढगळ. संध्याकाळी हूराच्या बाल्कनीत पापडांशेजारी तो वाळत पडायचा आणि समोरच्या इमारतीतले लोक बघत राहायचे.

निशाण पडण्याआधी हे मागे वळायचे आणि हेल्मेटच्या आतून विचारायचे, "बसलीस?" मी यांच्या पाठीवर दोनदा थाप मारायची. त्या गोंगाटात एवढंच बोलणं. खरं तर बसलेली मी कधीच नसायची, गुडघ्यांवर ओणवी असायची. पण स्कूटरच्या दिवसांपासूनचा तो शब्द होता आणि यांनी तो बदलला नाही. त्या एका शब्दासाठी मी पाच हिवाळे कोपरं सोलून घेतली, हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

कोपरांचंही एक रामायण झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हात पुढे केला तर मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. कुणीतरी विचारलं, मी म्हटलं, बाथरूममध्ये पडले. दुसऱ्या वर्षीही पडले. तिसऱ्या वर्षी बायका गप्प झाल्या आणि गणपतीच्या आरतीला त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे असं काही पाहिलं, की तबक यांच्यापर्यंत पोचलंच नाही. हे घरी येऊन म्हणतात, "या बायांना झालंय तरी काय?" मी काय सांगणार? खरं सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता.

पण खरी अडचण कोपरं नव्हती. खरी अडचण अशी, की या गाडीची फळी उजवीकडे होती. इथल्या वाहतुकीसारखी. उजवं वळण सोपं: फळीवर आडवं व्हायचं आणि उजवीकडे बाहेर झुकायचं. डाव्या वळणाला मात्र यांच्या पाठीमागून पलीकडे जाऊन मागच्या चाकावर ओणवं व्हायचं. उजव्या हाताने सीटमागची दांडी धरायची आणि डावा हात छातीशी आवळून ठेवायचा, कारण डावीकडे धरायला काहीच नव्हतं. नुसती हवा. आणि माझा डावा हात दर वेळी बाहेर जायचा. मी घरी सराव केला. सोफा म्हणजे उजवं वळण, जेवणाच्या टेबलाची खुर्ची म्हणजे डावं. हे टेबलावर ताट वाजवून वळणं सांगायचे आणि मी इकडून तिकडे सरपटायची. मुलगी गृहपाठ करता करता म्हणायची, "आई, यू लुक लाइक अ लिझर्ड." हळूहळू हाताला वळण लागलं. निदान मला तसं वाटलं.

पाचव्या हिवाळ्यातली शेवटची शर्यत. तोवर आमच्या नावावर एकदा दुसरा नंबर होता, तोही चार गाड्यांत. त्या चषकात आता माझे कालथे असतात. पण त्या दिवशी आम्ही पुढे होतो. पहिल्यांदाच आमच्यापुढे कुणीही नव्हतं. वारा सुटला होता, वाळू दातांखाली कचकचत होती, शेवटची फेरी, आणि मला आठवतं ते असं, की मला आनंद झाला होता. एवढा, की मी सखीरमध्ये आहे हे विसरले. डावं वळण आलं आणि माझा डावा हात पन्हाळ्याला गेला.

तिथे दांडी नव्हती. तोल गेला आणि पडता पडता मी यांचा कमरेचा पट्टा धरला. चालवणाऱ्याला कधी धरायचं नाही, हा पहिला नियम. हे मागे खेचले गेले, गाडी गरगरली आणि आम्ही वाळूत. मला खरचटलं. यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकीच्या गाड्या एकेक करून समोरून गेल्या, त्यांचा आवाज दूर होत गेला. वाळूत पडल्या पडल्या यांनी विचारलं, "लागलं?" मी नाही म्हटलं. त्यानंतर काही नाही.

हॉस्पिटलमधून परतताना टॅक्सीत मी यांच्याकडे पाहिलं. गळ्यात झोळी, तोंडावर वाळू, नजर खिडकीबाहेर. मला एवढी लाज वाटली की ती रागच होऊन बाहेर पडली. "या गाडीचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही," मी म्हटलं. "माझ्या गळ्याची शपथ आहे."

आणि यांनी नाही काढलं. हाड जुळलं, पुढचा हिवाळा आला, क्लबचे शुक्रवार आले आणि गेले. दुसरं माकड आलं नाही. शुक्रवारी हे "जरा जाऊन येतो" एवढं म्हणून निघायचे आणि दुपारी एरंडेलाचा वास घेऊन परत यायचे. मी कुठे गेला होता असं विचारलं नाही. "बसलीस?" हा शब्द तर घरातून गेलाच. मोटारीत मी दार ओढून घ्यायच्या आत हे किल्ली फिरवायचे. मला तेवढ्यात सगळं समजायचं. ज्या बाईने तुमची शर्यत घालवली तिला कशाला विचारायचं बसलीस का म्हणून. चौदा वर्षं मी हे असंच समजत आले, भाजी चिरताना, इस्त्री करताना, चौकातल्या प्रत्येक डाव्या वळणावर.

यूसुफ दहाला येतो म्हणाला होता, म्हणजे पावणेअकराला आला. मोठा पिकअप, पांढराशुभ्र पायघोळ थोब, तोंडभर हसू. "सलाम अंकल, सलाम आंटी." यांनी ताडपत्री ओढली, धूळ उडाली, आम्ही तिघंही खोकलो. गाडी होती तिथेच होती. मला वाटलं होतं गंजून गेली असेल. छे! चाकांत हवा, साखळीला तेल, लाल रंगावर ओरखडा नाही. सगळ्या दांड्यांवर तीच निळी दोरी, माझ्या हातांनी काळी, तुळतुळीत झालेली. मी आता विचारणारच होते. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात यूसुफ गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि थांबला.

"अंकल, ये क्या है? ये एक्स्ट्रा है," तो म्हणाला. "इदर तो पकडने का कुछ होता नहीं. अच्छा नहीं दिखता. ये मैं काट देगा, खलास."

"नहीं," हे म्हणाले.

दोन महिन्यांत पहिल्यांदा या माणसाने एखाद्या प्रश्नाला धड उत्तर दिलं होतं.

"क्यूं अंकल? इसका क्या काम?"

"वो नहीं कटेगा. मॅडम का हाथ उदर जाता है."

मी पुढे झाले. मागच्या चाकाच्या वर, डाव्या अंगाला, जिथे नुसती हवा होती, तिथे वाकवलेल्या नळीची एक दांडी वेल्डिंग करून बसवली होती. तिच्यावर निळी दोरी, शेजारी शेजारी, एकही फट न ठेवता. मी बोटाने धूळ पुसली. बाकीच्या दांड्यांवरची दोरी काळी होती, ही निळीच्या निळी. हिला कधी कुणाचा घाम लागलाच नव्हता. मी चाकापाशी ओणवी झाले, या वयात, गुडघे कुरकुरत असताना, यूसुफ बघत असताना, आणि डावा हात मोकळा सोडला. तो आपोआप गेला आणि बरोबर दांडीवर बंद झाला. बोटभरही इकडेतिकडे नाही.

"हे कधी केलंत?"

"हाड जुळल्यावर."

"आणि चौदा वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"तूच शपथ घातलीस न्हवं?" हे म्हणाले, जसं काही मी वेड्यासारखं विचारतेय. "गाडीचं नाव काढायचं न्हाई म्हणून. गळ्याची. आणि मग सुटली कुठं म्हणालीस?"

शपथ घालणाऱ्याने "सुटली" म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, हे आम्ही शाळेत चिंचा-आवळ्यांवरून खेळायचो ते. गळ्याची शपथ मोडली तर घालणारी मरते म्हणतात. साठीचा माणूस, डिप्लोमा झालेला, एवढ्या मोठ्या वर्कशॉपचा फोरमन, आणि माझ्या गळ्याच्या भीतीने चौदा वर्षं तोंड मिटून बसला. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे मी आयुष्यभर सांगतेय, ते ऐकलं नाही. साखर कमी करा, ऐकलं नाही. ऐकायला यांना नेमकं हेच सापडलं. मला इतका राग आला की रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"मग दुसरं कुणी का नाही घेतलंत मागे?"

"दांडी तुझ्या मापाची हाय," हे म्हणाले. "गाडी तयार होती. म्हटलं, तू नाव काढलंस तर निघू. नाही काढलंस."

"त्या दिवशी माझ्यामुळे..."

"दांडी नव्हती तिथं," हे मध्येच म्हणाले. "ते माझं काम होतं."

बास. एवढंच. चौदा वर्षं ज्याची वाट पाहिली ते सहा-सात शब्दांत आटोपलं, आणि हे लगेच यूसुफला चाकांत हवा किती ठेवायची ते सांगायला वळले. त्याने कान धरून कबूल केलं, दांडी कापणार नाही. "वल्ला अंकल, आंटी का हाथ रहेगा," तो अल्लाची शपथ घेत म्हणाला. गाडी पिकअपवर चढली. दोऱ्या आवळल्या. कारखान्यांच्या धुरातून पिकअप गल्लीच्या टोकाला गेला, डावीकडे वळला आणि दिसेनासा झाला. हे रिकाम्या शेडच्या दाराशी उभे राहिले. आत जमिनीवर तेलाचे तीन डाग होते, मध्ये कोरडी जागा. मशिदीतून दुपारची बांग सुरू झाली.

"चला," मी म्हटलं. "घरी खोके वाट बघतायत."

यांनी शेडला पुन्हा कुलूप लावलं, आत काही नसताना. मोटार भट्टीसारखी तापली होती. मी बसले. यांनी नेहमीसारखा किल्लीला हात घातला.

"सुटली," मी म्हटलं.

"काय?"

"शपथ. सुटली. सुटली म्हणतेय. ऐकू येतंय का?"

किल्लीवरचा हात तसाच राहिला. हे पुढे वाकून समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. मग मान जराशी माझ्या बाजूला वळवून, ते हेल्मेटच्या आतून बोलायचे तसंच, म्हणाले,

"बसलीस?"

मी यांच्या पाठीवर दोनदा थाप मारली. दुसरी जरा जोरातच.